कविता राहू दे, सोंग काढ

खाकी शर्ट माझ्या मांडीवर येऊन पडला.

स्टेजवर. सगळ्या शाळेसमोर. गळ्यातला हार अजून ओला होता, खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. मी पाहुणा आहे, कवी आहे, याचे जेवढे पुरावे मराठवाड्यात देता येतात तेवढे सगळे माझ्या अंगावर होते. आणि त्यांच्यावर तो शर्ट. स्नेहसंमेलनाच्या पेटीतला. खांद्याला पत्र्याचे तारे टाचलेले, मधलं बटण तुटलेलं, डांबरगोळ्यांचा वास.

"घाल," आबासाहेब म्हणाले. "कविता राहू दे. दिवसभर लय झाल्या कविता. आता फौजदाराचं सोंग काढ. तुझ्या बापासारखं."

आबासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांची, मैदान त्यांचं, मैदानापलीकडचा ऊस त्यांचा. सकाळी गेटावर त्यांनी मला "या कविराज, या" म्हटलं होतं. स्वतः हात धरून आत नेलं होतं. तिथून इथवर यायला त्यांना एकच प्रश्न पुरला. स्टेजवर माझ्याकडं वाकून त्यांनी विचारलं, "वडील काय करायचे तुमचे?"

"बहुरूपी होते."

"म्हंजी रायरंद!" गडी असा खूश झाला की जणू हरवलेला बैल सापडला. "चुडाव्याकडचा का रे तू? आरं, तुझा बाप फिरत फिरत आमच्या दारात यायचा की! हसून हसून पोट दुखायचं आमचं."

आणि लगेच शिपायाला हाक. "पेटीतला पोलिसाचा डरेस आण रे."

बापाची मला लाज नाही. उलट बाप मी मिरवतो. पोरांसमोर उभा राहिलो की आधी बापच सांगतो. चुडावा स्टेशनात बाबा एकदा टीसीचं सोंग घेऊन गाडीत चढले. खऱ्या टीसीनं त्यांना पाहिलं आणि सलाम ठोकला. "साहेब, आज तुमची ड्यूटी?" बाबांनी त्याच्याकडंच तिकीट मागितलं. पोरं खो खो हसतात. मीही हसतो.

हे सांगितल्यावर दुसरंही सांगतो. तेच बाबा दारात उभे राहिले की घर हसायचं, माडी हसायची, गोठ्यातला गडीसुद्धा हसायचा. पण तहान लागली तर पाणी वरून ओंजळीत पडायचं. ओट्यावर टेकायचं नाही. फौजदाराच्या वेशात असले तरी नाही. पोरं इथं हसत नाहीत.

तर त्या दिवशी सकाळी देवगाव फाट्यावर उतरलो. मला बोलावलं होतं मराठीच्या वर्षा मॅडमनी. चांगली बाई. कविता म्हणजे पाठांतर नव्हे, हे मानणारी. आबासाहेबांच्या मागं लागून लागून त्यांनी एक दिवस मिळवला होता. आठवीचा वर्ग माझ्या ताब्यात दिला.

माझी पद्धत सोपी आहे. मी फळ्यावर शब्द लिहितो. आई. पाऊस. फुलपाखरू. छान. सुंदर. झाडे लावा. आणि सांगतो, "या सगळ्यांना आज सुट्टी. ते दमलेत."

वर्ग हवालदिल. मागून एक जण म्हणाला, "मंग सर, लिहावं काय?"

"तुझ्या घरातली अशी एक गोष्ट, जी मी पाहिलेली नाही."

"आमच्या घरात टीव्ही बंद पडलाय."

"लिही."

"त्याच्यावर कविता व्हती का सर?"

"टीव्ही चालू असता तर झाली नसती."

हळूहळू डोकी खाली गेली. पेन चालायला लागले. एकानं मोटारसायकलला किक मारणाऱ्या आजोबांवर लिहिलं. एकीनं आंधळ्या वासरावर. मी बाकांमधून फिरत होतो, तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या पोरीनं कागदावर हात ठेवला. ही पायल. कालव्याच्या कडेला रायरंदांची पालं पडलेली असतात, तिथली. तिची माणसं आता बाराही महिने तिथंच असतात, कारण गावोगाव फिरून पोट भरत नाही; जवळच्याच दारांत सोंगं काढतात. वर्गातली पोरं तिला नावानं हाक मारत नव्हती. "ए रायरंदीन, सरक," असं माझ्यासमोर एक जण म्हणाला होता. मी काही बोलायच्या आत ती सरकली होती. सवयीनं.

मी सकाळी बापाची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नव्हती. माझ्याकडं नुसतं बघत होती. आता तिनं हात काढला. मी वाचलं. वर नाव दिलं होतं, 'रायरंदीन'.

माझा बाप सकाळी फौजदार
दुपारी डाक्टर
दिवस मावळता देव
जेवाया बसला की मायला इचारतो
आज म्या कोण व्हतो गं

मी तिच्या बाकावर बसलो.  आयुष्यभर बापावर कविता लिहिल्या, टाळ्या घेतल्या, पण हा प्रश्न माझ्या हाती लागला नव्हता.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे मैकवर वाचू का? सगळ्यायला ऐकू जाईल असं?"

"सगळ्यांना?"

"हां. ते मला म्हणत्यात. मी माझ्या तोंडानं म्हणते एकदा."

एवढंच तिला हवं होतं. ज्या शब्दानं तिला बाकावरून सरकवतात तो शब्द तिच्या तोंडून, तिच्या आवाजात, एकदा. मी म्हणालो, "वाच. तुझी शेवटी ठेवतो. शेवटचीच लोकांच्या ध्यानात राहते."

दुपारी स्टेज. हार, शाल, नारळ, भाषणं. आबासाहेबांच्या भाषणात कविता सोडून सगळं आलं. मग पोरं वाचायला लागली. आजोबांची मोटारसायकल झाली. वासरू झालं. आबासाहेबांनी जांभई दिली, माझ्याकडं वाकले आणि तो प्रश्न विचारला. पायल पायरीशी उभी होती, कागद छातीशी धरून. तिचं नाव पुकारायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात शर्ट आला.

वर्षा मॅडम खुर्चीमागून कानाशी आल्या. "सर, दोनच मिनिटं करा ना. ते खूश झाले तर दरवर्षी शिबिर घेऊ देतील."

मी पायलकडं पाहिलं. मी ते तारे खांद्यावर चढवले असते, तर शाळा हसली असती. माझं काम मला येतं, लोळून हसली असती. आणि त्या हशात तिला उभं राहावं लागलं असतं. "माझा बाप सकाळी फौजदार" म्हणायला.

मी शर्टाची घडी घातली. टेबलावर ठेवली. माइकवर गेलो.

"आबासाहेब, मी सोंग काढायला आलो नाही. कविता शिकवायला आलोय. अजून पायलची कविता राहिली आहे. ती ऐका."

आवाज चढला होता. बोट वर गेलं होतं.  आणि मग पुढच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आयला! रागावलेला मास्तर काढला बगा!"

आणि सगळी शाळा फुटली. आबासाहेब मांडीवर थाप मारत होते. "बगा, बगा, याला म्हणत्यात रक्तातली कला! कसा लालेलाल झालाय!" मुख्याध्यापक डोळे पुसत होते.

मी ओरडलो, "हे सोंग नाही!"

टाळ्या.

"मी खरं बोलतोय!"

शिट्ट्या.

बहुरूप्याची सगळी कमाई यावर, की खोटं खरं वाटावं. माझं खरं होतं आणि ते खोटं वाटत होतं. जितका चिडत होतो तितका प्रयोग रंगत होता. इतकी दाद माझ्या बापाला उभ्या जन्मात मिळाली नाही. रायरंदाच्या पोराला राग येऊ शकतो, हे त्या गावाला माहीतच नव्हतं. त्याच्या रागालाही बक्षीस देतात.

एकटी पायल हसत नव्हती.

आमच्या घरची एक रीत आहे. गावात मुक्काम असला की बाबा रोज नवं सोंग काढायचे, पण शेवटच्या दिवशी तोंड स्वच्छ धुऊन, साध्या कपड्यात, दारोदार जायचे. आज सोंग नाही, आज मी आहे, हे गावाला कळावं म्हणून. जुन्या माणसांना ही रीत पाठ होती. धुतलेल्या तोंडाच्या रायरंदावर हसायचं नसतं.

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि स्टेजच्या कडेला उभं राहून तोंड धुतलं. खसाखसा. हार भिजला. पुसायला शाल होतीच. मग चेहरा वर केला.

"बघा. रंग निघाला नाही."

मागच्या बाजूला पटकेवाली चार म्हातारी माणसं बसली होती. त्यांचं हसू आधी थांबलं. मग त्यांच्या पुढच्यांचं. मग पोरांचं. आबासाहेबांनाही कळलं. ते मुख्याध्यापकांकडं वळून एकच शब्द बोलले. "माजलाय." टेबलावरचा माइकही चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

मी जिंकलो, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

तेवढ्यात ते म्हणाले, "ती पोरगी रायरंदाचीच हाय ना? ये गं. कविराजाला लाज वाटायली. तू कर. तुझा बाप करतोच की."

त्यांनी टेबलावरचा शर्ट तिच्याकडं फेकला. तिनं तो झेलला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात शर्ट. स्टेजच्या मधोमध ती उभी राहिली.

"घाल गं," आबासाहेब.

"वाच, पायल," मी.

"घाल म्हणलं ना!"

"पायल, वाच!"

ती कागदाकडं पाहत होती. ओठ हलले. आवाज आला नाही. मग तिनं शर्ट खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली.

मुख्याध्यापकांना मार्ग सापडला. ते माइककडं धावले आणि ओरडले, "सावधान! प्रार्थना सुरू कर!" सगळी शाळा ताठ झाली. आबासाहेब ताठ. वर्षा मॅडम ताठ. हनुवटीवरून पाणी गळत असलेला मीही ताठ. प्रार्थना संपली. कार्यक्रम संपला. कविता राहिली.

गेटावर मी तिला गाठलं. "का नाही वाचलीस? मी होतो ना तिथं."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, तुमी आता बसनं जाताल. मला उद्या ह्याच वर्गात बसायचंय."

मी खांद्यावरची शाल काढून हातात घेतली. 

"अन तुमी दोघं बी माझ्यावरच खेकसायलते," ती म्हणाली. "ते म्हणायलते घाल, तुमी म्हणायलते वाच. मी शर्ट घातला न्हाई. ते तुमी बघितलंच न्हाई."

ती कालव्याच्या वाटेनं गेली. मी फाट्यापर्यंत चालत आलो. पहिली बस सोडली. दुसरीही सोडली.

तिनं मला सोलून ठेवलं होतं. माझा नकार टाळ्या मागणारा होता. भाषण करून, तोंड धुऊन, शाल झटकून तो बसमध्ये चढू शकत होता. तिचा नकार मुका होता आणि त्याला जायला दुसरं गाव नव्हतं. माझ्या नकाराची शिक्षाही तिलाच झाली होती. अपमान वाया जात नाही. तुम्ही परत केला की तो तुमच्यापेक्षा लहान माणूस शोधतो.

पुढं व्हायचं ते झालं. वर्षा मॅडमचा फोन आला. रडत होत्या; त्यांच्या शाळेत आता शिबिर होणार नव्हतं. आसपासच्या शाळांमधली माझी ठरलेली शिबिरंही एकेक करून रद्द झाली. कुणाच्या परीक्षा आल्या, कुणाचं रंगकाम निघालं. पायलला आता वर्गात "फौजदारीण" म्हणतात. ती शाळेत जाते. रोज जाते.

मी शनिवारी देवगाव फाट्यावर उतरतो आणि पालांवर जातो. पहिल्या वेळी पायलच्या बापानं हात जोडले. "मास्तर, पोरीचं नाव शाळंतून काढतील. ऱ्हाऊ द्या." मी म्हणालो, "काढलं तर मी त्या गेटासमोर बसेन. एकटा नाही बसणार. पण हे पायलला विचारून ठरवू." पायल म्हणाली, "बसू या."  तिच्या बापानं पोतं अंथरलं. त्या पोत्यावर आम्ही लिहितो. शाळेतली दोन-तीन पोरंही येतात, घरी न सांगता.

आता मी कुठल्याही शाळेत शिबिर घेतो ते अटी घालून. हार नको, शाल नको. स्टेजवर खुर्ची नको. आधी पोरं वाचतील, सगळी वाचतील, मग मोठ्यांची भाषणं. बहुतेक शाळा नाही म्हणतात. म्हणू देत. माझ्या बापाच्या नावानं मला हसवायला सांगणाऱ्या दारात मी पुन्हा पाहुणा म्हणून जाणार नाही. जाईन तो हक्क सांगायला.

आणि पायल वाचणार आहे. त्याच शाळेत, त्याच माइकवर. कधी, ते ती ठरवील. मी "वाच" म्हणणार नाही, कुणाला "घाल" म्हणू देणार नाही. तिचा आवाज निघेपर्यंत वेळ लागला तर लागू दे. तेवढा वेळ माइक चालू राहील. बंद करायला पुढं येणारा हात मी धरीन, मग तो कुणाचाही असो.

आबासाहेब, त्या दिवशी तुम्ही खाली बसायचं. पोरांच्या रांगेत. ती बोलत असताना उठून जाता येणार नाही. दारात मी उभा आहे.