रुमाल पडला की सातबारा

बारामतीच्या एसटी स्टँडवर जागा धरणारे छप्पन्न पाहिले, पण आमच्या या मित्रासारखा पठ्ठ्या पुन्हा झाला नाही आणि होणारही नाही. तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या दशकात, इंदापूरला आम्ही दोघं एकाच कचेरीत कारकून होतो आणि रोज बारामतीहून एसटीनं जायचो. सकाळची गाडी फलाटाला लागायच्या आधीच हा तिच्याबरोबर धावत सुटायचा आणि खिडकीतून आपला लाल चौकड्यांचा रुमाल असा भिरकावायचा, की तो नेमका हव्या त्या बाकावर जाऊन पसरायचा. रुमालामागून टोपी, टोपीमागून जेवणाचा डबा. एकदा टाकायला काही उरलं नाही म्हणून यानं पायातली चप्पल टाकली, आणि ती गाडी निघाली दौंडची! दिवसभर कचेरीत एका चपलेवर वावरला. मी चिडवलं तर मलाच म्हणतो, "चप्पल गेली, पर सीट धरली का न्हाय?"

गंमत अशी, की धरलेल्या जागेवर तो स्वतः कधीच बसत नसे. एक माझी, एक लासुर्ण्याच्या आबांची, एक कुणा लेकुरवाळीची. कुणी हुज्जत घातली की हा छाती काढून कायदा सांगायचा, "रुमाल पडला की सातबारा झाला!" आणि समोरचा मुकाट उठायचा. अरे, तू का बसत नाहीस, असं विचारलं तर दांडीला लोंबकळत म्हणायचा, "बसल्यालं माणूस झोपतं. हुबं ऱ्हायलं की चार वळखी हुत्यात." बांधावरून अबोला धरलेल्या दोन सख्ख्या भावांना त्यानं एकदा मुद्दाम एकाच बाकावर कोंबलं. निमगाव येईपर्यंत दोघं एका पुडीतले शेंगदाणे खात होते.

अशा या बोलघेवड्याची वाचा एकाच ठिकाणी बसायची. इंदापूरच्या शाळेतल्या एक बाई आमच्या गाडीला असायच्या. त्यांच्यासाठी खिडकीची जागा ठरलेली. त्या आल्या की हा रुमाल उचलून बाक झटकायचा, "बसा," म्हणायचा, आणि पार पुढे ड्रायव्हरपाशी जाऊन उभा राहायचा. बाई गालातल्या गालात हसायच्या. आख्ख्या गाडीला कळलं होतं, कंडक्टरसुद्धा मला डोळे मिचकावायचा. पण हा ढिम्म!

आणि बाईंची बदली झाली सुप्याला. म्हणजे इंदापूरच्या अगदी उलट्या दिशेला. शनिवारी त्या आमच्या गाडीत शेवटचं बसल्या. मी याला कोपरानं ढोसून ढोसून थकलो. इंदापूरला त्या उतरायला लागल्या तेव्हा हा एकदाचा पुढे झाला आणि काय विचारावं? "ऊन न्हाय ना लागलं खिडकीत?" मी कपाळावर हात मारला. एवढा गोंधळला होता, की हातातला रुमालही बाईंच्या बाकावरच विसरला. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही. फक्त म्हणाला, "लोकांसाठी धरायला जमतं रं. सोतासाठी हात उचलत न्हाय." मला त्याचा भयंकर राग आला आणि तेवढीच मायाही आली.

सोमवारी आमची गाडी लागली आणि हा धावलाच नाही. सुप्याच्या फलाटाकडे बघत नुसता उभा. तिथली गाडी खचाखच भरलेली. "जा की मर्दा!" म्हणून मी त्याला ढकलतच तिकडे नेलं. बघतो तर खिडकीत बाई बसलेल्या, आणि शेजारच्या जागेवर तोच लाल चौकड्यांचा रुमाल, धुऊन, घडी करून ठेवलेला. पिशव्या घेतलेला एक गडी तिथं बसायला धडपडत होता. बाई त्याला ठणकावून म्हणाल्या, "रुमाल पडलाय दादा, सातबारा झालाय." मग खिडकीतून याच्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "किती दिवस उभं राहणार? या, बसा."

आणि जन्मात कधी न बसलेला आमचा मित्र बसला! कचेरी इंदापूरला, आणि हा चालला सुप्याला. मला हात करायचंही त्याला सुचलं नाही.

साहेबांना काय थाप मारायची याचा विचार करत मी आमच्या गाडीकडे पळालो. जागा कुठली मिळायला? माझ्यासाठी रुमाल टाकणारं आता कुणी नव्हतं. जीव जरा चुटपुटला. बारामती ते इंदापूर मी पहिल्यांदाच दांडी धरून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, चार ओळखी झाल्या.