गाडीचं दावं

आमच्या घरात गाडीची हौस कुणालाच नव्हती. आईच्या गर्भपिशवीला कॅन्सर निघाला, नगरच्या डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं आणि गाडी घ्यावी लागली. रेडिएशनला दवाखान्यात सगळे नुसतं 'लाईट' म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज लाईट घ्यायची, असे कित्येक आठवडे, आणि मध्ये खाडा करायचा नाही. आमचं गाव शेवगावच्या अलीकडे, म्हणजे रोज एसटीनं अमरापूर, तिसगाव, करंजीचा घाट, नगर आणि पुन्हा तोच रस्ता उलटा. आठवडाभरात आई थकली. प्रत्येक खड्ड्याला ती पुढच्या शीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून अर्धी उभी राहायची, कारण बसणंच सहन होत नव्हतं. भाड्याची जीप लावून पाहिली, पण लग्नसराईत जीपवाल्याला आमच्यापेक्षा नवरदेव जवळचे.

एका संध्याकाळी आई घरी येऊन ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बसनं जायचं असंल तर मी न्हाई येत. काय व्हायचं ते हितंच होऊ द्या."

ती जे बोलायची तेच करायची. त्यामुळे दोन दिवस सुट्टीचे आणि वर रजेचे काही, एवढ्यात मला गाडी शोधायची होती. गाडी छोटी, जुनी, आम्हाला झेपेल अशी हवी होती, आणि अट एकच, की आईला घेऊन निघाल्यावर ती घाटात बंद पडता कामा नये. मी शेवगावच्या शाळेत शिकवते आणि गाडी चालवायला शिकलेली घरातली मी एकटीच. मोबाईलवर जुनी गाडी कशी घ्यावी याचे व्हिडिओ बघून मी मोठी यादी केली. इंजिन थंड असताना चालू करून बघा, सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा, बॉनेटखालचे जोड बघा, आणि दोन्ही चाव्या घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी चावी नसेल तर काहीतरी काळंबेरं आहे असं तो व्हिडिओवाला बजावून सांगत होता.

वडिलांनी यादीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात बैलच घेतले आणि विकले. घोडेगावच्या बाजारात लोक त्यांना जनावर पारखायला बरोबर न्यायचे. त्यांच्या मते गाडी घेणं आणि बैल घेणं यात फरक नव्हता. बैल निदान दात दाखवतो, एवढंच. शिर्डीजवळच्या एका ठिकाणी पांढरीशुभ्र, धुऊनपुसून उभी केलेली गाडी मला फार आवडली होती. वडील तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, ही भाड्यानं राबलीय. मी वाद घातला. मग आरशाच्या दांडीला, भाड्याच्या गाडीवाले रोज घालतात त्या हाराचे दोरे गुंडाळलेले दिसले, एकावर एक, आणि मी पुढच्या गाडीकडे निघाले. पण लगेच दुसऱ्या ठिकाणी त्यांनी एक खरोखर चांगली गाडी नुसती दारावरच्या पोच्यावरून नाकारली. पोचा बरोबर अशा जागी होता, जिथं बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा असला तर म्हणे मालकाला लाभत नाही. मी भर रस्त्यात त्यांच्याशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईला बसवायचंय तिच्यात."

त्यांचं दुसरं म्हणणं असं, की जनावर बाजारात बघू नये, मालकाच्या दारात बघावं. दारात ते खरं कसं आहे ते कळतं, आणि मालकही कळतो. त्यांना भीती होती ती 'बसक्या' बैलाची. दिसायला देखणा, खायला वाघ, आणि ऐन नांगरटीत मधेच बसकण मारणारा. एकदा बसला की काठीलाही दाद देत नाही. त्यामुळे कुठलीही गाडी बघताना त्यांचा एकच प्रश्न असे, "बसकी न्हाई ना?" विकणाऱ्यांना काही कळायचं नाही. ते आपले सांगायचे, हो हो, पाच जण आरामात बसतात.

शेवटी मावशीच्या ओळखीतून मिरजगावचा पत्ता मिळाला. हायवेपासून आत, लिंबाच्या झाडाखाली एक करडी हॅचबॅक उभी होती. मालक वयस्कर, बियाण्याचं दुकान चालवून थकलेले, घरात एकटे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर पुण्याच्या मुलानं गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून विकायची. गाडी माझ्या यादीला उतरली. सकाळच्या गारठ्यात एका फटक्यात चालू झाली, कागद सरळ होते, पहिलाच मालक. वडील फेरफटका मारताना मागे बसले. खाली उतरून त्यांनी मालकाला एवढंच विचारलं, की पुढची शीट मागे किती कलते. "पुढं आमची मंडळी बसणार," ते म्हणाले. "तिला ताठ बसवत न्हाई." म्हाताऱ्यांनी स्वतः वाकून शीट कलवून दाखवली. शीटचा खटका जरा अडकायचा. तो वर उचलून ओढावा लागतो हेही दाखवलं.

सगळं जमलं, आम्ही घरात येऊन बसलो आणि मी दुसरी चावी मागितली.

"हरवली," ते म्हणाले.

आणि मला समोरच ती दिसत होती. भिंतीतल्या देवळीशेजारच्या खिळ्याला, चांदीच्या छल्ल्यात अडकवलेली. बाया कमरेला किल्ल्या खोचतात तो छल्ला. माझा आवाज चढला. मी म्हणाले, मग ती काय आहे? म्हातारे खाली बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा पहिल्यापासून, आणि सोमवारी आई येणार नाही. मी पर्स उचलली.

वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दावं देत न्हाईत."

आमच्याकडे जनावर विकलं की त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, द्यायची नाही अशी रीत आहे. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. विकणारा त्याचं सोडून घरात ठेवतो. आमच्या गोठ्यात अजून खिळ्याला अशी दावी आहेत, ज्यांची जनावरं केव्हाच दुसऱ्याची झाली. मी ती लहानपणापासून बघत आले, पण गाडीलाही दावं असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

मग म्हातारे बोलले. चावी त्यांच्या बायकोची होती. ती गाडी चालवत नसे. दुपारी घरात माणसांची वर्दळ असली की ती छल्ला काढायची, गाडी उघडायची, दारं सताड ठेवून पुढच्या शीटवर बसायची आणि तांदूळ निवडायची. हे सांगताना त्यांना थोडं हसू आलं आणि मग ते आत पाणी आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आम्ही एका चावीवर गाडी घेतली. व्हिडिओवाल्यानं पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

घरी आईनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढताना वडिलांना विचारलं, "बसकी न्हाई ना?" वडील म्हणाले, चालवून तर बघू.

त्या गाडीनं आम्हाला एकदाही दगा दिला नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. एकाही सकाळी ती चालू व्हायला कुरकुरली नाही, एकदाही चाक पंक्चर झालं नाही, करंजीच्या घाटात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे तास तास रखडतानासुद्धा तिचं इंजिन तापलं नाही. आई पुढे कलून पडलेली असायची, पोटावर उशी, आणि वडील मागून तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करायचे. ती मला गिअरवरून चिडवायची. म्हणायची, आमचा बैल तुझ्यापेक्षा बरा वळायचा. येताना तिसगावला आम्ही थांबायचो. तिला काही खाववत नसे, तरी आम्हाला भजी घ्यायला लावायची आणि आम्ही खाताना बघत राहायची. सगळ्या लाईटी पूर्ण झाल्या. गाडी आल्यापासून एकही खाडा झाला नाही. मला वाटायला लागलं होतं, आपण आपलं काम चोख केलं, आता बरं वाटणं एवढं एकच तिच्याकडे बाकी आहे.

दिवाळी झाल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं. नवे फोटो काढले. डॉक्टर माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही, पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. येताना घाटात तिनं काच खाली करायला सांगितली. तोंडावर वारा घेतला. मग हात पुढे करून तिनं डॅशबोर्डवर थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं.

"गाडी चांगली निघाली," ती म्हणाली. "मीच बसकी निघाले."

मागे वडील होते. त्यांनी ऐकलं. पदर सारखा करायला आलेला हात तसाच तिच्या डोक्यावर राहिला, पार तिसगाव येईपर्यंत. मला रस्ता दिसत नव्हता, तरी मी चालवत राहिले, कारण थांबले असते तर तिघांनाही एकमेकांकडे बघावं लागलं असतं.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

गाडी दारात उभी राहिली. मला शाळेला स्कूटी पुरते, वडिलांना चालवता येत नाही. पण ते रोज सकाळी फडकं घेऊन काचा पुसायचे आणि पुढच्या दारापाशी आले की परत फिरायचे. कलवलेली शीट मी सरळ केली नव्हती. त्यांनीही करू दिली नसती. एक दिवस तेच म्हणाले, की उभं जनावर सडतं, कुणाच्या तरी कामाला येऊ दे. मला कळलं की त्यांना ती डोळ्यांसमोर नको आहे. मलाही नको होती. रात्री दारातून ती दिसली की आई आत एकटी बसली आहे असं वाटायचं.

पाथर्डीकडचं एक तरुण जोडपं बघायला आलं. पोरगा माझ्यासारखाच यादीवाला. सगळं पसंत पडलं, पण एका चावीवर अडून बसला. दुसरी चावी आणा, मग बोलू. मी वडिलांना म्हटलं, मिरजगावला जाऊन येऊ. त्या बाबांना समजावून सांगू, देतील कदाचित. सकाळी वडील तयार होऊन बसले. मागचं दार त्यांनी उघडलं, बंद केलं आणि पहिल्यांदाच पुढे येऊन बसले. कलत्या शीटवर त्यांना टेकता येईना. सगळा रस्ता ते पाठ उचलून, पुढे वाकून बसले होते.

गाडीचा आवाज ओळखून म्हातारे फाटकापर्यंत आले. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग पुढच्या शीटवर बसलेल्या माझ्या वडिलांकडे. हाताला धरून त्यांना खाली उतरवलं. चहा झाला. दोघं तुरीबद्दल बोलले, मुलाच्या फोनबद्दल बोलले. मी चावीचा विषय काढायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. वडीलही काढीनात. शेवटी आम्ही उठलो.

तेव्हा म्हातारे खिळ्यापाशी गेले. छल्ल्यातून चावी सोडवायला त्यांना वेळ लागला. नखानं ती फट उघडेना, पण मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. छल्ला त्यांनी परत खिळ्याला अडकवला आणि चावी वडिलांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटवली.

"मला छल्ला हाय," ते म्हणाले. "ही तुमाला लागंल."

मी मनात सुटकेचा श्वास सोडला. व्यवहार मार्गी लागला, असं मला खरंच वाटलं. येताना घाटात वडिलांची मूठ मांडीवर तशीच मिटलेली होती.

दुसऱ्या दिवशी जोडपं आलं. सह्यांसाठी कागद मांडले. पोराची बायको पुढच्या शीटवर बसून पाठ सरळ करायला धडपडत होती. वडील पुढे झाले. "वर उचलून वढ, बाई, जरा अडकती ती," ते म्हणाले. खटका सुटला आणि शीट सरळ झाली. वडील त्या सरळ झालेल्या शीटकडे बघत दाराला धरून उभे राहिले.

पोरानं मला विचारलं, "मॅडम, दुसरी चावी?"

मी वडिलांकडे बघितलं. त्यांचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता. व्यवहारात या माणसानं कधी खोटं बोललेलं मी ऐकलेलं नाही. बैलाची खोड असली तर ती आधी सांगून मग किंमत बोलणारा माणूस.

"हरवली," ते म्हणाले.

पोरानं नाराजीनं किंमत थोडी पाडून सह्या केल्या. वडिलांनी एका शब्दानंही घासाघीस केली नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर पोराचा फोन आला, मॅडम, खरं सांगा, चावी घरात कुठं सापडायची शक्यता आहे का? मी नाही म्हटलं.