सरळ स्वस्तिक

मागावं काय हेच कळत नव्हतं, तरी त्या बुधवारी दुपारी मी खजराण्याच्या गणपतीला गेलो. बाबांची मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. भोंगा थांबला तरी बाबा त्याच वेळेला उठत, दाढी करत आणि मिलच्या गेटवर जाऊन बसत. दुसऱ्या कामाचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. घर आईच्या शिवणावर चाललं होतं. मामांनी पीथमपूरच्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. सोमवारपासून जायचं, म्हणजे बी.कॉम. अर्ध्यावर सोडायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. शिकावंसं वाटे, आणि तसं वाटण्याचीच लाज वाटे.

तिथली रीत अशी की, मन्नत मागताना मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं आणि इच्छा पूर्ण झाली की येऊन सरळ काढायचं. मी कुंकवात बोट बुडवलं. कॉलेज राहू दे म्हणू, की नोकरीत मन रमू दे म्हणू? दोन्ही अर्धवट पुटपुटत राहिलो, आणि हात दिवाळीत उंबऱ्यावर चालतो तसा आपोआप चालत गेला.

"अरे भिया, ये क्या किया!" भिंतीपाशी शेजारी उभ्या असलेल्या एक काकू हसू लागल्या. "सीधा तो काम होने के बाद बनाते हैं!"

मी घाईनं पुसायला गेलो, तर त्यांनी मनगटच धरलं. "पोंछते नहीं. बन गया तो समझ लो हो गया काम."

"पर मैंने तो अभी कुछ माँगा ही नहीं, आंटीजी."

"तो उसको पता नहीं है क्या?"

त्यांची स्वतःची मन्नत फळली होती. डब्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवून त्या गर्दीत निघून गेल्या. नावही विचारायचं राहिलं.

घरी आलो तर बाबा बसलेले. अर्धा लाडू त्यांना दिला. खाता खाता म्हणाले, "सकाळी कपड्याच्या दुकानात बोलून आलो. उद्यापासून जायचंय. इतकी वर्षं कापड विणलं, आता मोजून बघू."

आईचं मशीन थांबलं.

"आणि मिल?" मी विचारलं.

"सुरू झाली तर बोलावतीलच की. तू मामाला नाही सांगून दे. कॉलेज पूरा कर."

ओढाताण त्यानंतरही राहिली. पुढे काय, हे मला आजही नीट ठाऊक नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. बाबा दुकानात गेले ते सकाळी, आणि मी भिंतीपाशी उभा राहिलो दुपारी. मी जे मागायला अडखळत होतो, ते तोवर देऊन झालं होतं. हा योगायोग असेल, मी वाद घालत नाही. अजूनही दर्शनाला गेलो की गर्दीत त्या काकूंना शोधतो. मग मागच्या भिंतीवर सरळ स्वस्तिक काढतो, हात जोडतो आणि कामाला लागतो.