तासाभराचं विमान

माझा धाकटा भाऊ डोंगरांच्या पलीकडे, एका लहान शहरात राहतो. मी अलीकडे, बॉथेल नावाच्या गावात. आमच्या जवळच्या छोट्या विमानतळापासून त्याच्या गावचा विमानतळ दोनशेच्या वर मैलांवर आहे, पण विमानाला जेमतेम तास लागतो. गाडीने घाट ओलांडून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. नागपूरहून इकडे परदेशात आम्हाला भेटायला आलेली आई त्याच्याकडे महिनाभर राहायला गेली, तेव्हा तिला विमानात मीच बसवून दिलं होतं.

परत आणायला भाऊ सोबत येणार होता. सकाळी निघताना त्याने फोन केला आणि मला एअरपोर्टवर येऊ नकोस, आम्ही कॅब करू, असं सांगितलं. मी जेवायची थांबले. दोघं दारात आले तेव्हा दुपार उलटून गेली होती. फोनवर पाहिलं तर त्यांचं विमान वेळेवर उतरलेलं. भाऊ म्हणाला, ट्रॅफिक होतं. आईच्या हातात चेरींचा खोका होता. कुठे घेतल्या विचारलं तर आई म्हणाली, "वाटेत," आणि त्याच क्षणी भाऊ म्हणाला, "एअरपोर्टवर."

मी पानं वाढली. जेवताना आईला प्रवासाचं विचारलं. छान झाला, मधे चहाला थांबलो, असं ती म्हणाली. भावाने ताटातून मान वर केली नाही.

म्हणजे दोघं गाडीने आले होते. पण मग लपवायचं कशाला? त्याच्या कंपनीत ले-ऑफ चालू असल्याचं ऐकलं होतं. याची नोकरी गेली आणि आईला माहीत आहे, असं मी मनाशी धरून चालले. मग मला सगळंच तसं दिसायला लागलं. त्याने लॅपटॉप आणला नव्हता. फोन आला की तो बाहेर अंगणात जाऊन बोलत होता.

संध्याकाळी आई सोफ्यावर टीव्ही बघत असताना मी त्याला किचनमध्ये गाठलं. हळूच विचारलं, "खरं सांग, जॉब गेला का?"

तो गोंधळला. "नाही गं ताई. जॉब ठीक आहे." मग आईकडे बघून म्हणाला, "तिचा कान गेलाय."

तिकडे जाताना तिला सर्दी होती. विमान उतरताना कान दुखला, तो दुखतच राहिला, आणि उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. डॉक्टरने कानात पाणी साठल्याचं सांगितलं आणि बरं होईपर्यंत फ्लाय करायला मनाई केली. म्हणून त्याच्या मित्राच्या गाडीने आले आणि कोपऱ्यावर उतरले. मला सांगायचं नाही, अशी आईने त्याला शपथ घातली होती.

मी आईच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. डावीकडे गेले तेव्हा ती माझ्या चेहऱ्यावरूनच समजली.

"तू माझं नागपूरचं तिकीट पुढे ढकलशील," ती म्हणाली. "मला माझ्या घरी जायचंय गं."

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरला दाखवलं. विमानाने जायला अजून तीन आठवडे थांबा, असं डॉक्टर म्हणाली. मी तिकीट पुढे ढकललं. आई रात्री जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. भाऊ परत गेला. आता रोज सकाळी मी कान कसा आहे विचारते. ती एकदम बरा म्हणते, आणि मी उजवीकडे जाऊन पुन्हा हळूच विचारते.