कौशल्याबाईनं घंटी नाही वाजवली

दवाखान्यात कोनी नवीन नोकरीले आलं की मी त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हती, ताटाकडं पाहत होती. वेड्या बायाईचा आरडाओरडा ऐकून पह्यल्या दिवशी भल्याभल्याईचा घास घशात अडकते. कौशल्याबाई आली त्या दिवशी पोरीनं ज्वारीच्या दोन भाकरी मोडल्या आन् वरून मले म्हनते, "रुखमाबाई, ठेचा हाय का अजून?" मी मनात म्हनलं, ही टिकते बाप्पा.

आन् टिकली. केसं पिकले तिचे तिथं. पन पह्यल्याच वर्सी तिनं जे केलं, ते आठवलं की माह्या छातीत अजून धडधड होते. जीव खाल्ला होता माहा त्या पोरीनं.

मलकापूरच्या बाहेर, कापसाच्या जिनाच्या पल्याड तो दवाखाना. चारी बाजूनं भित, मधात लिंबाचं झाड, एका अंगाले वार्ड आन् दुसऱ्या अंगाले माही चूल. मी सुलतानपूरची, त्या दवाखान्यात स्वैपाकीन. लढाईचे दिवस होते. घासलेट भेटे नाही, साखर भेटे नाही, नागपूरच्या सरकारचे हुकूम मात्र रोज नवे भेटत. त्यातच आमच्या डाक्टरसाहेबानं ठरवलं, की बायाईले नुसतं कोंडून ठेवाचं नाही, त्याईच्या हाताले काम द्याचं. हात कामात गुंतला की डोकं हळूहळू जाग्यावर येते म्हने. त्यासाठी कामाची मास्तरीन नेमली, ते ही कौशल्याबाई. माळ्याची पोर, बाप टेसनाजवळ मेथी-वांगे विके. लग्नाले वरीस झालं नाही तं कपाळ पांढरं झालं. मंग अमरावतीले जाऊन शिवनकाम शिकली. इथं तीन महिने कच्ची नोकरी. साहेबाले पसंत पडली तं पक्की, नाही तं बापाच्या वांग्याच्या टोपल्या हायेतच.

वार्डाच्या किल्ल्या मनकर्णाबाईच्या कमरेले. ती आमची मोठी वार्डरीन. तिले ही मास्तरीन पह्यल्या दिवसापासून खुपे. "वेड्याईले सुया देता? मंग उद्या विळे द्या, परवा कुऱ्हाडी द्या!" असं डाक्टराच्या तोंडावर म्हने. मी तिले हसत नव्हती. एका बाईनं चमच्याची दांडी फरशीवर घासून तिच्या डोळ्याखाली भोसकली होती, तो व्रण मी रोज पाहत होती. जरासं वर लागलं असतं तं डोळा गेला असता. दुधानं तोंड पोळलं की मानूस ताकही फुंकून पेते.

सुरुवातीले कोनीच सुईले हात लावला नाही. कौशल्याबाई कोनाले बोलवेही नाही. लिंबाखाली जुने लुगडे पसरे आन् एकटीच गोधडी घाले. मी म्हनलं, "अवं, पगार घेते दुसऱ्याईले शिकवाचा आन् शिवते तूच. हे कसं काम व माय?"

तं म्हने, "रुखमाबाई, जिले गोधडी घालता येते, तिले वाकडा टाका पाहवत नाही. पाहाच तुमी." आन् मुद्दाम वाकडे टाके घाले, लबाड कुठली!

एक दिवस वार्डातली अन्नपूर्णाबाई उठली. भितीजवळची जागा सोडून हळूच तिच्या बाजूले येऊन बसली. गोधडीत खोचलेली सुई उचलली, ते वाकडे टाके उसवले आन् सरळ घातले. कौशल्याबाईनं कापड तिच्याकडं सरकवलं. त्याच्यामागं बाकीच्या आल्या. एक चिंध्या फाडे, एक नुसता दोरा ओवे, दोघी टोपलीतल्या कापसाच्या वाती वळत. एकीले काहीच जमे नाही, तं तिले गोधडीच्या कोपऱ्यावर बसवे, कापड सरकू नाही म्हनून. "हेही कामच हाय," म्हने. ती कोपऱ्यावरची बाई आधी दिवसभर भितीले डोकं आपटत होती, बरं.

अन्नपूर्णाबाई दुसरबीडची. चांगल्या खात्यापित्या कास्तकाराची लेक. लेकरू पोटातच गेलं आन् त्याच्यामागं हिचं बोलनं गेलं. विहिरीच्या काठावर जाऊन बसे. नवऱ्यानं दुसरी केली आन् हिले माहेरी आनून टाकलं. माहेरी भावजय भ्याली, घरात लहान लेकरं. मंग भावानं, पुंजाजीनं, हिले आमच्या इथं घातलं आन् तीन वर्सात एकदाही तोंड दाखवलं नाही. कौशल्याबाईच्या हाताखाली ती मानसात आली. बोले कमी, पन बोले. जेवन झालं की दुसरीचं उष्टं ताटही उचलून ठेवे. डाक्टरसाहेबानं भावाले निरोप धाडला, बाई बरी झाली, घेऊन जा. भावाचा उलटा निरोप आला, येतो, पन आधी डोळ्यानं पाहीन, मंगच नेईन.

पौषाच्या एका सकाळी साहेब वार्डात आले. "अन्नपूर्णाबाई, उद्या तुमचा भाऊ येतोय. घरी जायचं ना?"

तिनं मान हालवली. त्या दिवशी तिचा हात असा चालला, की गोधडीची आख्खी एक कड संध्याकाळच्या आत संपली.

आता सुयाईचा नियम सांगते. काम उठलं की हरेक बाईनं आपली सुई मास्तरनीच्या लाल फडक्यात खोचाची. एकही कमी भरली तं मास्तरनीनं त्याच घडीले घंटी वाजवाची. घंटी वाजली की साऱ्याईची झडती, आन् जिच्याजवळ सुई सापडली तिले कोठीत कोंडाचं. एकदा कोठीत गेली का मंग सहा महिने तिचं घरी जानं बंद. त्यात डाक्टरसाहेबाचंही काही चालत नव्हतं.

त्या दिवशी दिवस पाहता पाहता बुडाला. वार्डात कंदील लागला. मी भाकरीची टोपली घेऊन दारात उभी. बाया एकेक सुई खोचून हात धुवाले गेल्या. फडक्यात एक जागा रिकामी राह्यली. अन्नपूर्णाबाई आपल्या जाग्यावर बसूनच.

कौशल्याबाईनं हात पुढं केला. "द्या ना, अन्नपूर्णाबाई."

तिनं मान हालवली. नाही म्हनून.

"अवं, असं काय करता? द्या इकडं."

"सकाळी," ती म्हनाली.

सारा मार्गशीर्ष कंदील लागल्यावरच सुया गोळा झाल्या होत्या आन् हीच सगळ्याईच्या आधी आपली सुई खोचे. कधी कुरकुर नाही, काही नाही. मंग आजच काऊन अडली? आन् ते 'सकाळी' तरी कसं म्हनाली! डोळे खाली, आवाज घट्ट.

"म्हनलं नव्हतं मी?" मनकर्णाबाईचा हात पह्यले डोळ्याखालच्या व्रणावर गेला. "सकाळी देते म्हने! रातभर कोनाचा डोळा फोडते, मंग सकाळी देते!" आन् ती घंटीच्या दोरीकडं निघाली.

कौशल्याबाई धावत जाऊन दोरीच्या आडवी उभी राह्यली.

"हट बाजूले."

"थांबा, मनकर्णाबाई. तुमच्या पाया पडते. घंटी वाजली तं तिचं घर गेलं. भाऊ उद्या येईन, कोठीतली बहीन पाहीन आन् तसाच माघारी जाईन. मंग तो पुन्हा येत नाही."

"आन् नाही वाजवली आन् कोनाचं काही झालं तं? डोळा भरून देशीन तू?"

मनकर्णाबाई खोटं बोलत नव्हती, तेच तं सारं अवघड होतं. वार्डात बाया जमल्या, एक रडाले लागली, एक उगीच टाळ्या पिटाले लागली. मले वाटलं, आता काही खरं नाही.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाईनं गोधडीतून सुई उपसली. कंदिलाच्या उजेडात टोक चमकलं आन् आमी साऱ्या मांगं सरलो. तिनं कोनाकडं पाह्यलं नाही. वातीच्या टोपलीतून कापसाचा बोळा घेतला, टोक त्याच्यात खुपसलं, वरून पदराची गाठ मारली आन् गाठ मुठीत धरून बसली.

"पाह्यलं?" कौशल्याबाई हळूच म्हनाली. "जिले टोचाचं असते, ती टोक झाकत नाही."

"झाकलं तं उघडताही येते."

"मंग आमाले दोघीले कोपऱ्यातल्या खोलीत घाला. बाहेरून कुलूप लावा. काही झालं तं मलेच होईन."

"तुही नोकरी जाईन, पोरी."

"जाऊ द्या."

ओठ पांढरे पडले होते तिचे. भेव नव्हतं असं नाही, गंजच भेव होतं. मले तं असा राग आला तिचा! तीन महिने भरत आले, नोकरी पक्की होऊन राह्यली, आन् ही बाई आगीत हात घालून राह्यली. मी म्हनलंही, "अवं येडे, घंटी वाजव आन् मोकळी हो ना! तुह्यं काय लागून गेलं?" तिनं माह्याकडं असं पाह्यलं, की मी भाकरीची टोपली खाली ठेवली.

मनकर्णाबाई दोरीपासून मांगं सरली. दोघीले खोलीत घालून कुलूप लावलं आन् स्वतः उंबऱ्याजवळ बसली, हातात किल्ली आन् काठी घेऊन. "मी सकाळी साहेबाले सारं सांगनार," म्हने. "एक शब्द लपवनार नाही." रात कशी गेली ते मी काय सांगू, मी माह्या चुलीजवळ होती. पन डोळा लागला नाही. कुत्रं भुकलं तरी मी उठून बसे.

दिवस निघता निघता डाक्टरसाहेब आले. सोबत एक गडी, डोईले रुमाल, हातात काठी, तोंड उतरलेलं. रातीच मलकापुरात येऊन उतरलेले पुंजाजी ते. मनकर्णाबाईनं म्हनल्याप्रमानं केलं. भावाच्या समोरच सारं सांगतलं. सुई ठेवून घेतली, मागितली तं दिली नाही, मास्तरनीनं घंटी वाजवू दिली नाही.

साहेबाच्या कपाळाले आठ्या पडल्या. पुंजाजीचं तं तोंडच वाळलं. "सुई लपवली?" म्हने. "साहेब, माह्या घरी लहान लेकरं हायेत हो. राहू द्या तिले इथंच. तुमच्या इथं बरी हाय ते." आन् गडी वळला. खरंच वळला, फाटकाच्या दिशेनं चालाले लागला. रातभर कुलपात बसून पोरीनं काय कमावलं मंग?

तिकडं मनकर्णाबाईनं कुलूप काढलं. पह्यले कौशल्याबाई बाहेर आली, डोळे लाल, पन धड. तिच्यामागं अन्नपूर्णाबाई. तिनं भावाची पाठ पाह्यली, पन हाक नाही मारली. अंगनात उन्हाचा कवडसा पडला होता, तिथवर आली. पदराची गाठ सोडली, बोळ्यातून सुई काढली आन् कौशल्याबाईच्या समोर खाली भुईवर ठेवली.

"घ्या."

"काल मागितली तेव्हा का नाही दिली?" साहेबानं करड्या आवाजात विचारलं.

"दिवा लागला होता, साहेब. घर असलेल्या बाईनं दिवा लागल्यावर सुई देऊ नाही. घरची लक्ष्मी जाते."

मनकर्णाबाईच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या. अगं माय! आमच्यातली एकही बाई दिवा लागल्यावर शेजारनीले सुई देत नव्हती, मीही नाही. पन वेड्याच्या दवाखान्यातली बाईही हे पाळत असन, हे कोनाच्याच डोक्यात आलं नाही. कौशल्याबाईच्याही नाही. ती नुसती कापसाच्या बोळ्यावर भरोसा ठेवून बसली होती.

साहेब मात्र सोडत नव्हते. "मग इतके दिवस तर रोज दिवा लागल्यावरच देत होतात की!"

अन्नपूर्णाबाईनं त्याईच्याकडं पाह्यलं. इतक्या दिवसात पह्यल्यांदा मान वर करून.

"तवा मले घर कुठं होतं?"

पुंजाजी फाटकाजवळ पोचले होते. तिथंच खाली बसले. डोक्याचा रुमाल तोंडात कोंबून रडले, गडीमानूस, साऱ्या बायाईच्या देखत.

साहेबानं फाटकाकडं पाह्यलं. मंग म्हने, "न्या हो तुमच्या बहिणीला. आणि कौशल्याबाई, घंटी वाजवली नाहीत. तीन महिने आणखी कच्ची नोकरी."

"बरं साहेब," कौशल्याबाई म्हनाली. वाकून सुई उचलली आन् फडक्यात खोचली.

अन्नपूर्णाबाई भावाजवळ गेली. थोडा वेळ उभी राह्यली, मंग त्याच्या खांद्याले हात लावला.

"उठ ना दादा," म्हने. "मोटार जाईन."