पहिला कप्पा

पुसेगावजवळच्या माझ्या कोंबड्यांच्या शेडवर खाद्य कंपनीचे एक साहेब येतात. दारातल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवतात आणि तिथंच जरा वेळ उभे राहतात, आत जायचं जिवावर आल्यासारखे.

मांसाच्या कोंबडीला लायसिन, म्हणजे प्रथिनातलं एक सत्त्व, नेमकं किती लागतं, हे शोधायचं त्यांचं काम. ते कमी पडलं की अंगावर मांस धरत नाही. या खेपेला त्यांनी शेडमध्ये जाळीचे कप्पे केले. पहिल्या कप्प्याच्या खाद्यात लायसिन सगळ्यात कमी, पुढं वाढवत नेलेलं.

"पहिल्यालाच काहून कमी?" मी विचारलं.

"कुणाला तरी कमी दिल्याबिगर किती लागतं ते कळत न्हाई, भाऊ." हे ते पाणी मागावं तसं सहज म्हणाले.

वजनं मात्र ते शेवटच्या कप्प्यापासून घेतात. पहिल्या कप्प्यातली खुरटी, विरळ पिसांची कोंबडी काट्यावर ठेवली की तिच्याकडे बघत नाहीत, नुसत्या आकड्याकडे बघतात.

परवा कापायला जाणारा माल न्यायला गाडी आली. गाडीत चढवायच्या आधी कोंबड्यांना उपाशी ठेवायचं, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. मी आत गेलो तर साहेब पहिल्या कप्प्यात उकिडवे बसून शेवटच्या कप्प्याचं खाद्य ओंजळीनं टाकून राहिले होते.

"आता काय उपेग, साहेब?"

"काहीच न्हाई," वर न बघता ते म्हणाले.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला म्हणालो, "चहा घे आधी. आमचं जरा राहिलंय."