काळी दोनमध्ये वाजलेलं कार्ड

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे कार्ड मी बनवलं ते कोणाला पाहिजे होतं म्हणून नाही. तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरात बसणारं साउंड कार्ड आज कोणाला लागतं? त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकटात मिळतं. पण मला सॉफ्टवेअरमधली नक्कल नको होती, हातात धरता येईल अशी पाहिजे होती. बायको म्हणाली, "दुकानात लोकांचे प्रिंटर पडून आहेत आणि तुम्ही खेळून राहिले." म्हटलं, हो, खेळून राहिलो.

गोंदियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात मी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात असं कार्ड होतं. त्याच्यावरची एक छोटी चिप स्वतः सूर तयार करायची, बासरीसारखे, पेटीसारखे आणि पत्र्याच्या डब्यासारखेसुद्धा. माझे जिजाजी अर्जुनी मोरगावचे. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवणारा माणूस. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं आणि बाकी वर्ष धानाची शेती. एका उन्हाळ्यात ते ताईला घेऊन आले आणि आठ दिवस माझ्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले. ते सूर सांगायचे, मी एकेक टाइप करायचो. एका नाटकाची पाच गाणी आम्ही अशी भरली. पुढं ते कार्ड जळलं, पण फ्लॉपीतल्या फाइली मी जपून ठेवल्या. फाइलीत आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात. हा सूर, एवढा वेळ, मग तो सूर. वाजवणारी चिप नसेल तर त्या मुक्या.

गेल्या वर्षी ते कार्ड पुन्हा उभं करायचं मनात घेतलं. मूळ कार्डाचा नकाशा इंटरनेटवर लोकांनी काढून ठेवला आहे. मला त्यात एक बदल करावा लागला. चिपला चालायला एक ठोका लागतो, सेकंदाला पस्तीस-छत्तीस लाख वेळा. मूळ कार्ड तो कॉम्प्युटरच्या खाचेतून घ्यायचं, पण माझ्या जुन्या मदरबोर्डची ती पिन मेलेली. म्हणून मी माझ्या बोर्डावर वेगळ्या क्रिस्टलला जागा केली. क्रिस्टल म्हणजे हा ठोका देणारा दोन पायांचा चकचकीत डबा. नकाशा कारखान्याला पाठवला. पाचाच्या खाली ते बोर्ड बनवतच नाहीत, म्हणून पाच आले. हिरवेगार, कडक, पापडासारखे. चिपा मागवल्या, कपॅसिटर मागवले, सॉकेट मागवले. आणि क्रिस्टल मागवायचा विसरलो.

आता पुन्हा आठ दिवस कुरिअरची वाट कोण पाहील? आमच्याकडे इन्व्हर्टर नाही असं घर नाही आणि बिघडला नाही असा इन्व्हर्टर नाही. दुकानात त्यांच्या मेलेल्या बोर्डांचं पोतं भरलेलं आहे. त्यातून एक क्रिस्टल उपटला. पाहिजे होता ३.५८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पस्तीस-छत्तीस लाख ठोक्यांचा; हा निघाला ४चा, म्हणजे चाळीस लाखांचा. म्हटलं, जवळच आहे न, चालते. तोच बसवला.

कार्ड पहिल्या झटक्यात वाजलं. मी दुकानात एकटाच ओरडलो. गाणं बरोबर, ताल बरोबर, काही अडखळणं नाही. आता माझं सुराचं ज्ञान म्हणाल तर आरतीत मला मागे उभं करतात. मला ते पहिल्यासारखंच वाटलं.

त्याच आठवड्यात जिजाजी गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे आले. त्यांचं काही दिवसांपासून बिनसलं होतं. साठी ओलांडली, आणि मागच्या सीझनमध्ये नाटक कंपनीच्या गायिकेनं दोनदा सगळ्यांसमोर म्हटलं की तुमचा सूर माझ्या सुराला लागत नाही. तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं की आपल्याला सगळं चढं ऐकू येते. या माणसाची अख्खी ओळख कानावर. कुकरची शिट्टी झाली की सांगणार, पांढरी चार. एसटीचा हॉर्न वाजला की काळी तीन. पेटीच्या पट्ट्या मोजायची हीच रीत आणि ते जगसुद्धा तिच्यानंच मोजायचे. डॉक्टरनं मशीन लावून सांगितलं, वयाच्या मानानं ऐकू चांगलं येते. ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "आवाज येते हे मलेबी माहीत हाय. सूर कोणता येते हे त्याचं मशीन कुठं मोजते?" वडश्याच्या कंपनीला यंदाचा होकार त्यांनी अजून दिला नव्हता.

मी म्हटलं, सोडा ते, गंमत ऐका. आणि त्यांचं गाणं लावलं.

पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा फुलला. दुसऱ्या ओळीला ते थांबले. मान तिरपी केली.

"हे काळी दोन हाय," ते म्हणाले.

"काळी एक आहे," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं, मी टाइप केलं होतं. हे पहा, पडद्यावर लिहिलेलं आहे."

"मले काळी दोन ऐकू येऊन राहिली गा."

आणि मी, शहाणा, हसत म्हणालो, "जिजाजी, कॉम्प्युटर खोटं नाही बोलत."

"नाही बोलत न," ते म्हणाले. चहा संपवला, बशी टेबलावर नीट ठेवली आणि दुपारच्या गाडीनं गेले. मला काहीसुद्धा कळलं नाही. माझं लक्ष कार्डावर.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. "का रे, काय म्हणलास तू यायले? कंपनीले नाही म्हणून देल्लं. ऑर्गनवर चादर टाकून ठेवली. विचारलं तं म्हणते, कान गेले माहे, तुह्या भावाच्या मशीननं सांगतलं."

मनात पहिली गोष्ट आली ती हीच की मशीन बरोबर आहे. लाज वाटते सांगायला, पण आली. संध्याकाळी जवळच्या नागरा गावी गेलो. तिथल्या भजन मंडळातल्या ओळखीच्या माणसाकडून पेटी आणली, गाणं लावलं आणि पहिल्या लांब सुरावर काळी एक दाबली. छे! दोन्ही आवाज एकमेकांना खेटून भांडत होते. काळी दोन दाबली. भांडण मिटलं. माझ्यासारख्या बेसुऱ्यालाही कळलं.

मग डोक्यात ट्यूब पेटली. ताल सांभाळते कॉम्प्युटरचं घड्याळ, सूर सांभाळते कार्डाचा क्रिस्टल. गाण्याचा वेग तोच राहिला आणि सूर अख्खा वर सरकला. पाहिजे त्यापेक्षा जास्त ठोक्याचा क्रिस्टल मी टाकला, आणि खोटा पाडला कोणाला? असा राग आला स्वतःचा की पोत्याला लाथ मारली. अंगठा सुजला, बरं झालं.

योग्य क्रिस्टल कुठं मिळाला सांगू? भंगारातल्या जुन्या बटणांच्या टेलिफोनात. त्यातही नेमका ३.५८चाच असतो. कार्डावर त्याला टोचायची बैठक लावली, म्हणजे काढता-घालता येईल. इन्व्हर्टरचा क्रिस्टलही खिशात टाकला, कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीनं कोहमाऱ्यावरून अर्जुनी मोरगाव गाठलं.

जिजाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला."

"आईशप्पथ नाही!"

"साळेबाबू, तवा तं मशीन खोटं बोलत नव्हतं. आता बोलते का?"

आधी मी त्यांच्या कानावर विश्वास ठेवला नाही, आता ते माझ्या तोंडावर ठेवत नव्हते. शेवटी ताईच पुढं आली. "अजी, तुम्ही अंगणात जा. तोंड तिकडं करून बसा. कोणता टोचते ते मी पाहीन, ह्यालेबी दाखवणार नाही." मी तिला टोचायचं कसं ते दाखवलं, वीज बंद-चालू करायची शिकवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

पहिल्यांदा वाजलं. बाहेरून आवाज आला, "काळी एक."

दुसऱ्यांदा. "काळी एक. तोच हाय. बदलवलाच नाही तुनं." ताई हसली. खरंच बदलवला नव्हता.

तिसऱ्यांदा जरा वेळ गेला. मग ते म्हणाले, "काळी दोन. पण पुरी नाही. जरासाक उतरली हाय."

मी वळलो. ताईच्या हातात टेलिफोनचा क्रिस्टल होता, म्हणजे कार्डावर इन्व्हर्टरचा. मोबाइल काढून हिशेब केला. चार भागिले ३.५८. काळी एकची काळी दोन व्हायला जेवढं चढायला पाहिजे त्यापेक्षा ते किंचित कमी पडत होतं. इतकं किंचित की नागऱ्याच्या पेटीवर मला पत्ताही लागला नव्हता. ह्या माणसानं अंगणात बसून, पाठमोरं, माझ्या क्रिस्टलचा दशांश सांगितला होता.

मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत. म्हणाले, "कंपनीले फोन लाव."

लावला. ते दोन मिनिटं बोलले, जास्त तर ऐकूनच घेतलं. "बरं. हो न. बरं," म्हणाले आणि मोबाइल मला परत दिला.

"दुसरा घेतला त्यायनं. आठ दिस झाले."

ताई खाली बसली. मी म्हटलं, "जिजाजी, माझ्यामुळं..." अख्खा सीझन गेला होता त्यांचा, माझ्या 'चालते'पायी.

ते उठले, आत गेले, ऑर्गनवरची चादर ओढून काढली. दोन्ही पाय पायट्यांवर ठेवले, भाता भरू दिला आणि काळी एक दाबून तसेच डोळे मिटून ऐकत बसले. मग माझ्याकडं पाहिलं.

"रडून कायले राहिला बे? टेलिफोनचा टोच आन् लाव पहिल्यापासून. मी संगं वाजवतो."